काल्फूची शेवटची अंडी

काल्फूला कुत्र्यांनी फाडलं त्या दिवशी मी नवऱ्याशी, बेलार्मिनोशी, बोलले नाही, कारण फाटक त्यानेच उघडं टाकलं होतं. दुसऱ्या दिवशीही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मात्र बोलावं लागलं. उबवणी यंत्र आणायला गाडी जुंपायची होती आणि आमचे बैल माझं ऐकत नाहीत.

काल्फू माझा कोंबडा. लांडा, शेपटीचा पत्ता नाही, आणि एका कानापाशी पिसांचा झुपका, बाईने डूल घालावा तसा. माझ्या सातही कोंबड्या तशाच लांड्या, डूलवाल्या, निळी अंडी देणाऱ्या. आई गेली तेव्हा जमीन भावांनी वाटून घेतली, चांदीचे दागिने थोरल्या बहिणीकडे गेले, ओर्फेलिनाकडे, आणि माझ्या वाट्याला आला या कोंबड्यांचा वाण. मी तेव्हा सांतियागोला लोकांच्या घरी राहून धुणीभांडी करत होते. चौदाव्या वर्षी गेले होते, तेवीस वर्षांनी परत आले. बेलार्मिनोवर चिडले की मी त्याला सांगते, बुदीच्या तळ्याकाठी मी परत आले ती कोंबड्यांसाठी, तुझ्यासाठी नाही. तो म्हणतो, "माहितीये. निदान अंडी तरी मला मिळतात."

परत आल्यापासून वीस वर्षं मी हा वाण चोख ठेवला. अंड्यातून बोडक्या कानाचं पिल्लू निघालं की ते ओर्फेलिनाकडे. वाढव आणि रश्शात घाल, असं सांगून. डूलवाल्यांतही सगळ्यात भरघोस डुलाचा कोंबडा तेवढा ठेवायचा, बाकीचे काढून टाकायचे. लोक माझ्या कुंपणापाशी थांबून बघत, आणि मी मुद्दाम तेव्हाच दाणे टाकायला बाहेर यायची. का खोटं बोलू?

आता काल्फू नव्हता आणि दुसरा कोंबडा मी ठेवलाच नव्हता. कोंबड्या चार-चार वर्षांच्या झालेल्या. जानेवारी संपत आला होता, लवकरच पिसं गाळायला लागून त्या अंडी बंद करणार होत्या. कोंबडा गेल्यावरही आठवडाभर कोंबडीच्या पोटातली अंडी त्याचीच असतात, एवढं मला ठाऊक होतं. आधीची जमवलेली आणि ही, सगळी मी थंड कोठीत कोंड्यात ठेवून जपली होती. बावीस अंडी. ती फुटली तर आईचा वाण राहणार, नाहीतर माझ्या हातांनी संपणार.

यंत्र आमच्या आठ घरांचं मिळून आहे. पांढरी पेटी, आत छोटा पंखा, तापमानाचा आकडा दाखवणारी काच. पाळीपाळीने घरोघर फिरतं. सप्टेंबरात माझी पहिली पाळी आली तेव्हा मी तीस अंडी ठेवली होती आणि पिल्लं निघाली चार. एकोणीस अंडी तर कोरीच होती, आत काही धरलेलंच नाही. बायकांच्या बैठकीत मी उभी राहून सांगितलं की यंत्र बिघडलंय, पंखा एका बाजूलाच वारा मारतो. पुढची पाळी ओर्फेलिनाची होती. तिने आपली तपकिरी, सरमिसळ कोंबड्यांची तीस अंडी ठेवली आणि सत्तावीस पिल्लं घेऊन मोकळी झाली.

"पंख्याला माझा स्वभाव आवडला असेल," ती पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाली.

कोऱ्या अंड्यांचं कोडं बेलार्मिनोने सोडवलं. अंगणात मातेचा कडू काढा पीत बसल्या बसल्या त्याने दोन दिवस काल्फूवर नजर ठेवली आणि मग मला हाक मारली. "म्हातारे, तुझा नवरदेव चढतो खरा, पण मागे एवढी पिसं माजलीत की काम होतच नाही. दोघांनाही शेपूट नाही, मग ती पिसं बाजूला सारणार कोण?" मी कात्री घेतली आणि काल्फूच्या व सातही कोंबड्यांच्या मागची पिसं कातरली. त्यामुळे या खेपेला अंडी भरलेली असणार असा मला भरवसा होता. पण सप्टेंबरातली आणखी सात अंडी भरलेली होती, पिल्लं पूर्ण वाढली होती आणि तरी आतच मेली होती. ती का मेली, हे मला कळलेलं नव्हतं. आणि जी चार जगली ती चारही बोडकी निघाली. दिली ओर्फेलिनाला.

यंत्र घरी आणलं तेव्हा मी काही म्हणजे काही नशिबावर सोडलं नाही. मागच्या वेळी ते चुलीजवळ ठेवलं होतं. चूल पेटली की आकडा वर, विझली की खाली. या वेळी ते आमच्या झोपायच्या खोलीत, खिडकीपासून लांब ठेवलं. काचेतल्या आकड्यावर विश्वास नको म्हणून दवाखान्यातल्या बाईकडून तापाचं थर्मामीटर आणून शेजारी ठेवलं. दोन्ही साडेसदतीस दाखवायला लागली तेव्हाच अंडी आत ठेवली. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने एकीकडे फुली, दुसरीकडे गोल. दिवसातून पाचदा फिरवायची. पाण्याचं ताटलं रोज गरम पाण्याने भरायचं.

अंडी लावतच होते की ओर्फेलिना आली, शालीखाली टोपली घेऊन.

"जागा आहे ना गं? बावीसच तर आहेत तुझी. माझी आठ ठेव."

"लामगेन," मी म्हटलं, आमच्या भाषेत बहिणीला अशीच हाक मारतात. "हे माझ्या पाळीचं यंत्र आहे."

"मग काय झालं? माझी अंडी तुझ्या अंड्यांना चावणार आहेत?"

सख्ख्या बहिणीला नाही कसं म्हणायचं? कोपऱ्यात आठ तपकिरी अंडी बसली. मला ती डोळ्यांसमोर नको होती. पण नंतर मला वाटलं की देवानेच ती तिथे ठेवली असावीत.

आठव्या दिवशी काळं फडकं डोक्यावर घेऊन मी एकेक अंडं बॅटरीवर धरलं. निळ्या कवचातून नीट दिसत नाही, डोळे फाडून बघावं लागतं. तीनच कोरी निघाली. एकोणीस अंड्यांत लाल शिरांचं जाळं होतं. मी बेलार्मिनोला हाक मारून दाखवलं. तो म्हणाला, "कात्रीचं श्रेय कुणाचं?" मी म्हटलं, "फाटकाचं श्रेय कुणाचं?" तो लाकडं फोडायला गेला.

अठराव्या दिवशी पुन्हा पाहिलं. एकोणीसची एकोणीस जिवंत, आत हालचाल, चोचीची सावली. अंडी फिरवणं बंद केलं, ताटल्यात पाणी वाढवलं. आता फक्त वाट बघायची. सगळ्या आयुष्यात मला हेच एक काम जमलेलं नाही.

विसाव्या दिवशी सकाळी चिवचिव ऐकू आली. धावत जाऊन काचेतून पाहिलं तर फुटलं होतं तपकिरी अंडं. दुपारपर्यंत ओर्फेलिनाची पाच पिल्लं ओली-ओली लोळत होती. माझ्या अंड्यांत दोघांनी टोचलं होतं, बाकी सगळी दगडासारखी गप्प. मी अंडं कानाला लावलं. काही नाही. दुसरं लावलं, त्यात कुरकुर होती, अगदी बारीक. मग मला वाटलं हवा कोरडी पडली असेल, म्हणून झाकण उघडून गरम पाणी घातलं. अर्ध्या तासाने पुन्हा उघडलं. संध्याकाळपर्यंत किती वेळा उघडलं ते मला आठवत नाही.

"म्हातारे, झाकण आहे ते, दार नाही," बेलार्मिनो म्हणाला. "माणसाला बाळंतपणात कुणी एवढं डोकावत नाही."

"तू गप्प बस. तुझ्यामुळे ही वेळ आलीये."

त्याने माझ्या हातातून ताटलं घेतलं आणि पलंगावर माझ्याशेजारी येऊन बसला.

एकविसाव्या दिवशी, रविवारी सकाळी, ओर्फेलिनाची आठही पिल्लं सुकून कापसाच्या बोळ्यांसारखी फिरत होती. माझी दहा निघाली. दोन टोचून अडकली होती, सारखं झाकण उघडल्यामुळे आतलं पातळ कातडं वाळून त्यांच्या अंगाला चिकटलं होतं. मी बोटांनी कवच सोलायला गेले. रक्त आलं. दोन्ही माझ्या तळहातावर मेली. बाकीची सात अंडी तशीच, कसला आवाज नाही, भेग नाही.

दहांतली सहा बोडकी. चौघांना डूल, एकेकाच कानाला. आणि त्या चारांतली दोन मान टाकून पडलेली, ती दहा वाजेपर्यंत गेली. उरली दोन. दोन पिल्लांवर कुठला वाण टिकतो? दोन्ही कोंबडे निघाले तर? दोन्ही कोंबड्या निघाल्या तर?

एवढ्यात ओर्फेलिना आपली आठ न्यायला आली. तिने पेटीत डोकावून पाहिलं. तिने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. पिल्लं टोपलीत भरता भरता एवढंच म्हणाली, "येते गं. आज काराउए गावाहून पोरं यायचीत जेवायला, चुलीवर पाणी ठेवून आलेय." आणि गेली.

मी पलंगाच्या कडेला बसून राहिले. यंत्र बिघडलेलं नव्हतं. एकाच ताटात, एकाच उबेत, त्याच पाण्यावर तिची आठच्या आठ निघाली होती. झाकण उघडण्याचं पाप माझं, पण ते दोघांपुरतंच. दोष माझ्या अंड्यांत होता. म्हणजे माझ्या कोंबड्यांत. म्हणजे माझ्यात.

"फोडून बघ," बेलार्मिनो म्हणाला.

"काय?"

"ती सात. आत काय झालंय ते बघ की. नुसतं रडून काय कळणार?"

सप्टेंबरात मी मेलेली अंडी न फोडता उकिरड्यात पुरली होती. बघवत नव्हतं म्हणून. आताही बघवत नव्हतं. त्यानेच स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि सुरी माझ्यापुढे ठेवली.

पहिलं पिल्लू पूर्ण वाढलेलं होतं. पाय, नखं, पिसं, सगळं जागच्या जागी. दोन्ही कानांना डूल. एवढे दाट डूल मी जिवंत पिल्लाला कधी पाहिले नव्हते. पण डूल जिथून फुटले होते तिथे कानाचं भोक नीट झालंच नव्हतं, आणि जबडा वाकडा. दुसरं फोडलं. दोन्ही कानांना डूल, जबडा वाकडा. तिसरं तसंच. चौथं तसंच. मी भराभर फोडत गेले. सातही तशीच. मी वीस वर्षं ज्यांची वाट बघत होते तीच ती, सगळ्यांत भरघोस डुलांची, आणि त्यांतलं एकही कवचाबाहेर आलं नव्हतं.

बेलार्मिनो पेटीतली दोन जिवंत डूलवाली आणि एक बोडकं घेऊन आला आणि मेलेल्यांशेजारी ठेवली.

"या दोघांना एकाच कानाला आहे," तो म्हणाला. "बोडक्याला नाहीच. आणि मेली ती सगळी दोन्हीकडे."

"बापाकडून एक, आईकडून एक," मी म्हटलं. "दोघांकडून आलं की मरतं."

वीस वर्षं मी डूलवाल्याला डूलवालीच दिली होती. खुडूक कोंबडीखाली अंडी असायची तेव्हा मेलेली ती घरट्याबाहेर लोटायची, कुत्री खायची, मोजत कोण होतं? यंत्र आलं आणि मोजणं आलं. दर खेपेला चारातलं एक तरी मी आधीच मारून ठेवत होते, आणि जी धडधाकट निघत होती, ज्यांच्यामुळे हे टळलं असतं, ती बोडकी म्हणून रश्शाला पाठवत होते.

मग एकदम डोक्यात आलं. या कोंबड्यांना बोडका कोंबडा हवा. पण बाहेरचा नको. बाहेरचा आणला तर दोन पिढ्यांत निळी अंडी फिकी पडतील आणि शेपट्या फुटतील. हवा याच रक्ताचा, काल्फूचा पोरगा, बोडका. आजची सहा पिल्लं? त्यांत कोंबडा कोण हे कळायला दोन महिने, आणि तेवढ्यात ससाणे, कोल्हे, पाऊस. पण सप्टेंबरातली चार होती की. त्यांतली दोन ओर्फेलिनाने नाताळात कापली होती, एक आजारी पडून मेली. चौथा कोंबडा होता, मी त्याला तिच्या अंगणात पाहिला होता. आणि ती सांगून गेली होती की चुलीवर पाणी ठेवलंय.

मी चपला घातल्या की नाही ते आठवत नाही. ओर्फेलिनाचं घर टेकडीच्या पलीकडे, बटाट्याच्या दोन वावरांनंतर. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, गुडघे दुखतात, पण धावले. वाटेत तिच्या धुराड्यातून धूर निघताना दिसला आणि मी पाय आणखी उचलले. धावता धावता मी मोठमोठ्याने ओरडत होते, "लामगेन! थांब गं! लामगेन!" आमच्या माणसांत असं ओरडत धावलं की लोकांना वाटतं कुणी तरी मेलं. तळ्याकाठी जाळं विणणारा एक जण उठून उभा राहिला.

मागच्या दाराशी पोचले तेव्हा मोठ्या पातेल्यातून वाफ निघत होती. ओर्फेलिना ओट्यापाशी सुरीला धार लावत होती. तिच्या पायाशी, पाय बांधलेला, लांडा, बोडका कोंबडा आडवा पडला होता. डोळे उघडे होते.

"काय झालं? बेलार्मिनोला काही झालं का?"

मला दम लागला होता. मी नुसतं कोंबड्याकडे बोट दाखवलं.

"हा? हा तर तूच दिलेला. रश्शाचा."

"कापू नकोस."

"अगं, पोरं निघालीत घरून. कापू नको तर वाढू काय त्यांना?"

"मला दे तो."

ओर्फेलिनाने सुरी खाली ठेवली. माझ्याकडे नीट पाहिलं. "नीट सांग. काय हवंय तुला?"

मी कधी बहिणीकडे काही मागितलं नव्हतं. आईचे दागिने तिने घेतले तेव्हाही नाही. पण आता मी तिच्या मातीच्या जमिनीवर फतकल मारून बसले आणि सगळं सांगितलं. सात अंड्यांचं, वाकड्या जबड्यांचं, दोन कानांचं. मी संपवलं तेव्हा ती म्हणाली, "मग आई काय करायची असं तुला वाटलं?"

"काय करायची?"

"तिचा कोंबडा साधा असायचा. कायम. डूलवाला कोंबडा ती पहिल्याच वर्षी कापायची. मला सांगायची, कोंबड्या नटलेल्या असू देत, कोंबडा साधा बरा. का ते तिलाही ठाऊक नव्हतं, तिच्या आईने तसं केलं म्हणून ती करायची."

माझं डोकं भडकलं. "आणि तू हे मला आज सांगतेस? वीस वर्षांनी?"

"तू कधी विचारलंस?" ओर्फेलिनाही चिडली. "सांतियागोहून आलीस ती सगळं शिकून आल्यासारखी. कुंपणाशी उभी राहून लोकांना सांगायचीस, माझा वाण चोख आहे, बहिणीकडची सगळी भेसळ. मला वाटलं, हिला माहीत असेल. एखादा बोडका हिने मागे ठेवला असेल. मी खात होते ती तुला नको असलेली."

मी चौदा वर्षांची निघून गेले होते. आई कोंबड्या कशा निवडते हे बघायला मी तिथे नव्हतेच. ओर्फेलिना होती. आणि परत आल्यावर मला हे विचारायची लाज वाटली होती, इतकी की आपल्याला माहीत नाही हेच मी विसरून गेले.

"मी मारली गं त्यांना," मी म्हटलं. "निवडून निवडून, एकेक मारली." आणि मला रडू फुटलं, काल्फू मेला तेव्हाही आलं नव्हतं एवढं.

ओर्फेलिनाने माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही, तशी ती नाहीच. तिने वाकून कोंबड्याच्या पायांची दोरी सोडली. मग बटाट्यांची टोपली माझ्या मांडीवर आणून ठेवली आणि सुरी माझ्या हातात दिली.

"सोल. पोरं येतील एवढ्यात, आणि पातेल्यात घालायला आता बटाट्याशिवाय काही नाही. विचारलं तर तू सांगायचं का ते."

मी बटाटे सोलू लागले. नाक पुसत, डोळे पुसत, सालं जाड निघत होती आणि ओर्फेलिना त्यावरून मला बोलत होती. कोंबडा माझ्या पायाशी तसाच बसला होता. दोरी सुटलीये हे त्याला अजून कळलं नव्हतं. मी एका हाताने त्याचे पाय चोळत राहिले, हळूहळू, आणि बराच वेळ गेल्यावर तो उठून उभा राहिला.